तुमचा पीसीबी असेंब्लीवाला दुसऱ्या कंपनीने विकत घेतला तर काय काय करायचं

तुमच्या सर्किट बोर्डांवर पार्ट बसवून देणाऱ्या वेंडरची, म्हणजे असेंब्लीवाल्याची, मालकी बदलल्याची बातमी बहुतेक वेळा मेलवर येते. "कळवताना आनंद होतो" अशी सुरुवात, मध्ये दोन्ही कंपन्यांच्या वाढीबद्दल दोन परिच्छेद आणि शेवटी "तुमच्या चालू ऑर्डरवर कुठलाही परिणाम होणार नाही" हे वाक्य. असा मेल आला की घाबरून लगेच नवा वेंडर शोधायला पळायचं नाही आणि नुसतं अभिनंदन लिहून गप्पही बसायचं नाही. हे मी लिहितोय ते महिन्याला दोनशे ते पाच हजार बोर्ड बनवून घेणाऱ्या लोकांसाठी, म्हणजे भोसरी, चाकण, नाशिकचं अंबड, नवी मुंबई इकडे ज्यांचं स्वतःचं प्रॉडक्ट आहे, पंपाचा कंट्रोलर असेल, एलईडी ड्रायव्हर असेल, एखादं मेडिकल उपकरण असेल, पण एसएमटी लाइन, म्हणजे बोर्डच्या पृष्ठभागावर पार्ट बसवणारी मशीनं, स्वतःची नाही आणि सगळी असेंब्ली बाहेरून होते. मोबाइल विकणाऱ्या मोठ्या ब्रँडकडे अशा वेळी वकील असतात, सोर्सिंगची टीम असते, आपल्याकडे परचेसचा एक माणूस आणि डिझाइनचा एक माणूस, आणि दोघांच्याही डोक्यावर आधीच भरपूर काम.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. सौदा जाहीर झाल्यापासून दोन्ही कंपन्यांचा ईआरपी, म्हणजे स्टॉक-ऑर्डर-हिशोबाचं सॉफ्टवेअर, एक होईपर्यंत जो काळ असतो तोच तुमचा. त्या काळात जुना प्रोग्रॅम मॅनेजर जागेवर असतो, स्टोअरवाल्याला तुमचं रॅक माहीत असतं, टेस्टच्या माणसाला तुमच्या फिक्श्चरची, म्हणजे बोर्ड तपासायच्या साच्याची, कुठली पिन दगा देते ते पाठ असतं, आणि ग्राहक टिकून आहेत हे नव्या मालकाला दाखवायचं असल्याने तुम्ही मागाल ते सहसा मिळतं. एकदा सिस्टिम बदलली, माणसं बदलली की त्याच गोष्टींसाठी फॉर्म, मंजुऱ्या आणि कधी कधी चार्ज लागतो. वाडा बिल्डरने घेतला असं कळल्यावर शहाणा भाडेकरू आधी जुन्या भाडेपावत्या शोधून काढतो, तसंच आपण करायचं.

आता हे विकणं-विकत घेणं एवढं का चाललंय ते थोडक्यात, कारण ते कळलं तर नवा मालक कसा वागेल याचा अंदाज येतो. कॉन्ट्रॅक्ट मॅन्युफॅक्चरिंगमध्ये बिलाचा मोठा भाग कंपोनंटचा असतो, लेबर आणि मशीनचा त्यामानाने छोटा, आणि मार्जिन एकदम बारीक. जो जास्त कंपोनंट उचलतो त्याला भाव चांगला मिळतो, टंचाईत माल आधी त्याला मिळतो, आणि ज्याच्या लाइन जास्त तास चालतात त्याचा पर प्लेसमेंट रेट, म्हणजे एक पार्ट बसवायचा भाव, उतरतो, म्हणजे मोठं होणं हा या धंद्यात हौसेचा भाग नाहीच. अमेरिकेतल्या सानमिनाने २००१ मध्ये एससीआय सिस्टिम्स ही दुसरी असेंब्ली कंपनी घेतली. २००७ मध्ये फ्लेक्सट्रॉनिक्सने सोलेक्ट्रॉन घेतली, साधारण ३.६ अब्ज डॉलरचा सौदा होता तो. आणि सोलेक्ट्रॉन ही काही ऐरीगैरी कंपनी नव्हती बरं का, क्वालिटीसाठीचा अमेरिकेतला माल्कम बाल्ड्रिज पुरस्कार तिला दोनदा मिळाला होता, १९९१ ला आणि १९९७ ला. पण २००१ च्या टेलिकॉम मंदीत ग्राहकांनी ऑर्डरी कापल्या आणि असेंब्लीवाल्यांच्या गोदामात माल पडून राहिला, सिस्कोसारख्या ग्राहकालासुद्धा त्या वर्षी दोन अब्ज डॉलरहून जास्त किमतीची इन्व्हेंटरी हिशोबातून कमी करावी लागली. म्हणून "आमचा वेंडर क्वालिटीला एक नंबर आहे, त्याचं काही होत नाही" असं कोणी म्हटलं की मला सोलेक्ट्रॉन आठवते.

आपल्याकडे ही लाट उशिरा आली पण आता जोरात आहे. सिर्मा टेक्नॉलॉजी आणि एसजीएस टेक्निक्स या असेंब्ली कंपन्या २०२१ मध्ये एकत्र आल्या, ऑगस्ट २०२२ मध्ये सिर्मा एसजीएसचा आयपीओ आला, नोव्हेंबरमध्ये केन्सचा, २०२३ मध्ये ॲव्हलॉन आणि सायंट डीएलएमचा. शेअर बाजारातून पैसा आला की वाढ दाखवावी लागते आणि वाढीचा जवळचा रस्ता म्हणजे दुसरी कंपनी घेणं. सिर्मा एसजीएसने २०२३ मध्ये जोधपूरच्या जोहारी डिजिटल हेल्थकेअरमध्ये ५१ टक्के हिस्सा घ्यायचा करार केला, सायंट डीएलएमने २०२४ मध्ये अमेरिकेतली आल्टेक इलेक्ट्रॉनिक्स घेतली. टाटा इलेक्ट्रॉनिक्सने २०२३ मध्ये विस्ट्रॉनचा कोलारजवळचा नरसापुऱ्याचा कारखाना १२.५ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये पेगाट्रॉनच्या भारतातल्या कंपनीत ६० टक्के हिस्सा घेतल्याचं जाहीर झालं. यातले आयफोनवाले सौदे आपल्या कामाचे नाहीत. मेडिकल, इंडस्ट्रियल, ऑटो असल्या क्षेत्रातल्या मधल्या आकाराच्या कंपन्या विकल्या जातात ते सौदे आपल्या जवळचे, कारण आपले दोनशे-पाचशे बोर्ड तिथेच बनतात.

तर पहिलं काम, सौदा नेमका कुठल्या प्रकारचा आहे ते शोधा. यावर पुढचं बरंच काही ठरतं. शेअर विकत घेतले असतील, म्हणजे मालक बदलला पण कंपनी तीच, तर तुमचा करार त्याच कंपनीशी चालू राहतो, जीएसटी नंबर तोच, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) तेच, कागदावर काहीच हलत नाही. बिझनेस ट्रान्सफर किंवा स्लंप सेल असेल, म्हणजे कारखाना आणि धंदा उचलून दुसऱ्या कंपनीत टाकला, तर तुमचा करार आपोआप पलीकडे जात नाही, तो नव्या कंपनीच्या नावाने करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी तुमची सही लागते. ती सही म्हणजे तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार, ती फुकट देऊ नका, पुढे ज्या गोष्टी सांगतोय त्या लेखी मिळाल्यावरच करा. तिसरा प्रकार म्हणजे एनसीएलटीतून, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणातून, होणारं विलीनीकरण, कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३० ते २३२ खालचं, त्यात स्कीम मंजूर झाली की करार, देणी, मालमत्ता सगळं त्या आदेशाने नव्या कंपनीकडे जातं, वेगळी सही मागत नाहीत, पण वेळ भरपूर जातो त्यामुळे तयारीला सवड मिळते.

हे कळणार कसं? कंपनी किंवा तिचा नवा मालक लिस्टेड असेल तर बीएसई-एनएसईच्या साइटवर जाहीर केलेलं पत्र वाचा, किती टक्के, किती पैसे, कधीपर्यंत पूर्ण होणार हे त्यात असतं. तिमाही निकालानंतरचा जो कॉन्फरन्स कॉल असतो त्याचा लेखी मजकूरही तिथेच मिळतो आणि तो मी प्रत्येक वेळी शेवटपर्यंत वाचतो, कारण ग्राहकाला पाठवलेल्या मेलमध्ये जे नसतं ते गुंतवणूकदारांसमोर बोललं जातं. "कमी मार्जिनचं काम हळूहळू कमी करणार" किंवा "दोन प्लांट एकत्र आणून खर्च वाचवणार" अशी वाक्यं दिसली की समजायचं आपल्यासारख्या छोट्या ग्राहकाबद्दलच चाललंय. लिस्टेड नसेल तर सरळ वेंडरच्या मालकाला फोन करा. इतक्या वर्षांची ओळख असते, "साहेब, शेअर विकलेत की धंदा विकलात?" एवढं विचारलं तर सांगतात.

दुसरं, करार काढा आणि वाचा. बऱ्याच जणांकडे करारच नसतो, फक्त पीओ आणि त्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटी. असल्या तरी त्या वाचा. चार गोष्टी बघायच्या. मालकी बदलली तर तुम्हाला बाहेर पडता येतं का, करार दुसऱ्याच्या नावाने करायला तुमची परवानगी लागते का, बंद करायचं झालं तर नोटीस किती दिवसांची आणि त्या काळात ऑर्डरी जुन्याच भावाने पूर्ण करायच्या का, आणि चौथी, जिच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात ती, तुमच्या फोरकास्टवर, म्हणजे पुढच्या मागणीच्या अंदाजावर, त्यांनी घेतलेल्या मालाची जबाबदारी कोणावर. नॉन-कॅन्सलेबल नॉन-रिटर्नेबल माल, म्हणजे डिस्ट्रिब्युटर परत घेत नाही तो, त्याची यादी नवा मालक ताबडतोब काढतो कारण सौदा करताना त्याला जुन्या स्टॉकची किंमत लावायची असते, आणि मग तुम्हाला पत्र येतं की अमुक लाखांचा तुमचा माल पडलाय, उचला किंवा पैसे भरा. ते पत्र यायच्या आधी तुम्हीच यादी मागा, पार्ट नंबर, क्वांटिटी, खरेदीची तारीख, डिस्ट्रिब्युटरचं इनव्हॉइस आणि कुठल्या फोरकास्टवर घेतला ते. ज्याला तुमच्या फोरकास्टचा आधार नाही तो तुमचा नाही, आणि हे तुम्हाला आत्ताच लेखी म्हणता येतं.

आता मुख्य काम, तुमच्या वस्तू आणि तुमची माहिती ताब्यात घेणं.

फाइल्सपासून सुरू करा. गर्बर (बोर्डच्या डिझाइनच्या फाइल) आणि बीओएम (पार्टची यादी) आपल्याकडे असतातच असं सगळे म्हणतात, पण कारखान्यात प्रत्यक्ष चालू असलेला बीओएम आणि आपल्या सर्व्हरवरचा बीओएम यांत फरक असतो, जवळपास नेहमी असतो. मधल्या टंचाईत कोणीतरी मेलवर कपॅसिटरचा दुसरा मेक मंजूर केलेला असतो, एका रेझिस्टरचं पॅकेज बदललेलं असतं, एखादा कनेक्टर स्थानिक बाजारातून येत असतो. म्हणून त्यांच्या सिस्टिममधून निघालेला बीओएम मागा, प्रत्येक ओळीपुढे मंजूर मेक आणि मॅन्युफॅक्चररचा पार्ट नंबर असलेला, आणि आपल्याशी ओळ न ओळ ताडून बघा. सेंट्रॉइड फाइल घ्या, कुठला पार्ट बोर्डवर कुठे बसतो ते तिच्यात असतं. पार्ट उचलून बसवणाऱ्या पिक अँड प्लेस मशीनचा प्रोग्रॅम मिळाला तर चांगलं पण त्यासाठी वाद घालू नका, यामाहाचा प्रोग्रॅम फुजीवर तसाच चालत नाही आणि कोणताही बरा इंजिनिअर सेंट्रॉइडवरून तो नव्याने बनवतो. रिफ्लोचा प्रोफाइल, म्हणजे सोल्डर वितळवायच्या भट्टीत तापमान कसं चढतं-उतरतं ते, मात्र जरूर घ्या, थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) कुठे लावले होते त्याच्या फोटोसकट, कारण ज्या बोर्डवर एका बाजूला जड हीटसिंक आणि दुसऱ्या बाजूला बारीक क्यूएफएन चिप आहे तिथे योग्य प्रोफाइल सापडेपर्यंत बरेच बोर्ड वाया गेलेले असतात. स्टेन्सिलची, म्हणजे सोल्डर पेस्ट लावायच्या भोकांच्या पत्र्याची, ड्रॉइंगही घ्या, जाडी आणि कुठल्या पॅडचं ओपनिंग किती कमी केलंय त्यासकट. ती गर्बरमध्ये नसते, ती त्यांच्या प्रोसेस इंजिनिअरच्या डोक्यातून आलेली असते.

प्रोग्रामिंग स्टेशनकडे लोकांचं लक्षच जात नाही. तिथे तुमचं हेक्स (चिपमध्ये भरायच्या प्रोग्रॅमची फाइल) असतं, साइनिंग की (तो प्रोग्रॅम तुमचाच आहे हे ठरवणारी गुप्त किल्ली) असू शकते, मॅक ॲड्रेसची (नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकांची) आणि सीरियल नंबरची रेंज असते. आजच्या तारखेला शेवटचा वापरलेला सीरियल नंबर कुठला, ते लेखी घ्या. प्लांट बदलताना नवी लाइन चुकून जुन्या नंबरपासून सुरू झाली तर एकाच नंबरची दोन उपकरणं बाजारात जातात आणि सर्व्हिसवाले कपाळावर हात मारतात. साइनिंग की त्यांच्या पीसीवर असेल तर बदलून घ्या, सौद्यानंतर त्या पीसीला कोण हात लावेल हे आपल्याला कळत नाही.

मग टूलिंग. टेस्ट फिक्श्चर, स्टेन्सिल, वेव्ह सोल्डरिंगचे पॅलेट, कोटिंगचे मास्क, ज्याचे ज्याचे पैसे तुम्ही एनआरई (एकदाच भरायचा तयारीचा खर्च) म्हणून भरलेत ते सगळं तुमचं, पण इनव्हॉइसवर नुसतं "एनआरई चार्जेस" लिहिलं असेल तर उद्या नवा मालक म्हणेल की तो आमचा सेटअपचा खर्च होता. म्हणून एक दिवस काढून प्रत्यक्ष जा. प्रत्येक वस्तूवर आपल्या कंपनीची ॲल्युमिनियमची टॅग लावा, नंबर टाका, फोटो काढा, आणि यादीवर त्यांच्या अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्या, "ग्राहकाची मालमत्ता" असे शब्द त्यावर असू द्या. आयसीटी (बोर्डच्या इलेक्ट्रिकल तपासणीचं) फिक्श्चर उघडून पोगो पिनांची, म्हणजे स्प्रिंगवाल्या टेस्ट पिनांची, अवस्थाही बघा, टोकं झिजून गोल झालेली असतील तर आत्ताच बदलायला सांगा, नव्या जागी गेल्यावर फॉल्स फेल, म्हणजे चांगले बोर्ड नापास होणं, वाढलं की खापर बोर्डवर फुटतं. जीएसटीचंही बघून घ्या, जॉब वर्कसाठी तुम्ही पाठवलेले कंपोनंट एका वर्षात आणि कॅपिटल गुड्स तीन वर्षांत परत आले पाहिजेत असा कलम १४३ चा नियम आहे, मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर आणि टूलना ती मुदत लागू नाही, पण कुठल्या चलनावर काय गेलंय याचा मेळ आयटीसी-०४ या जीएसटीच्या फॉर्मशी लागलाच पाहिजे. माल दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात जात असेल तर जुनी चलनं बंद करून नवी करायला तुमच्या सीएला आधी सांगा.

स्टॉकची मोजणी मी वेगळी सांगतो कारण इथे आमचं नुकसान झालेलं आहे. आमच्या एका वेंडरची मालकी बदलली तेव्हा मायक्रोकंट्रोलरच्या रीळ (पट्टीवर गुंडाळलेले पार्ट) आम्ही दिलेल्या होत्या, कन्साइनमेंटवर, म्हणजे मालकी आमचीच ठेवून, प्रत्येक रीळवर निळ्या मार्करने आमचा अंतर्गत पार्ट नंबर लिहिलेला. नव्या ईआरपीत माल चढवताना त्यांनी मॅन्युफॅक्चररचा पार्ट नंबर घेतला, आमचा नंबर गाळला, आणि तोच कंट्रोलर वापरणाऱ्या दुसऱ्या ग्राहकाच्या स्टॉकात आमच्या रीळ मिसळल्या. टंचाईचा काळ होता, त्या रीळ दुसऱ्याच्या बोर्डवर लागल्या. चूक त्यांनी मान्य केली, क्रेडिट नोटही दिली, पण क्रेडिट नोटने बोर्ड बनत नाही आणि बाजारात तो पार्ट तेव्हा मूळ किमतीला मिळत नव्हता. तेव्हापासून माझा आग्रह असतो की सिस्टिम बदलायच्या आधीच्या आठवड्यात आपला माणूस स्टोअरमध्ये उभा राहून रीळ मोजेल. नुसता आकडा घेऊ नका, डेट कोड आणि लॉट नंबर लिहा, उघडलेल्या मॉइश्चर बॅरिअर (ओलावा रोखणाऱ्या) बॅगा वेगळ्या करा. एमएसएल ३ चा, म्हणजे ओलाव्याने बिघडणारा, पार्ट बॅग उघडल्यावर १६८ तासांत रिफ्लोमधून गेला पाहिजे, आणि एका प्लांटमधून दुसरीकडे ट्रकने जाताना हे घड्याळ कोणी मोजत नाही. ह्युमिडिटी कार्डाचा ठिपका रंग बदललेला दिसला की तो माल बेक केल्याशिवाय लाइनवर जाऊ देऊ नका.

पुढचा प्रश्न, काम त्याच जागी राहणार की हलणार. याचं उत्तर पहिल्या मेलमध्ये कधीच नसतं. विलीनीकरणात खर्च वाचतो तो मुख्यतः एक इमारत बंद करून, त्यामुळे "सध्या असा काही प्लॅन नाही" यातल्या "सध्या" ला किती महिने आहेत ते विचारा आणि जागा बदलायच्या किमान सहा महिने आधी लेखी कळवायचं असं कबूल करून घ्या. जागा बदलली की सर्टिफिकेट बदलतात. बीआयएसचं सक्तीचं रजिस्ट्रेशन कारखान्याच्या पत्त्याला दिलेलं असतं, एलईडी ड्रायव्हर किंवा ॲडॅप्टर असेल तर नव्या पत्त्यासाठी पुन्हा टेस्टिंग, पुन्हा अर्ज, आणि लेबलवरचा आर नंबरही (रजिस्ट्रेशनचा नंबर) बदलू शकतो, तसं झालं तर छापून ठेवलेली लेबलं आणि खोके वाया. मेडिकल उपकरणाचं लायसन्सही जागेला धरून असतं. आयएटीएफ १६९४९ (ऑटोचं) आणि आयएसओ १३४८५ (मेडिकलचं) ही क्वालिटीची सर्टिफिकेटं त्या त्या साइटची असतात, ग्रुपच्या वेबसाइटवर लोगो दिसतो म्हणून तुमचा बोर्ड जिथे बनणार त्या शेडकडे ते आहे असं धरू नका, सर्टिफिकेटच्या परिशिष्टावरचा पत्ता वाचा. ऑटोवाल्या ग्राहकाला माल जात असेल तर साइट बदलली की पीपीएपी (पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं) परत द्यावं लागतं आणि तो ग्राहक तुम्ही सांगितलेल्या तारखेपर्यंत थांबत नाही.

आणि नव्या जागेचा पहिला लॉट नेहमीच्या ऑर्डरसारखा घेऊ नका. फर्स्ट आर्टिकल, म्हणजे आधी तपासायला बनवलेला पहिला बोर्ड, मागा, स्वतः जाऊन बघा, गोल्डन सॅम्पल (आपला मंजूर नमुना) बरोबर न्या. असेंब्लीच्या दर्जाचं मानक आयपीसी-ए-६१०, त्यातला क्लास २ की क्लास ३ ते पीओवर लिहिलंय का बघा, कारण जुन्या वेंडरला तुमची अपेक्षा तोंडी माहीत होती, नव्याला नाही.

या काळात बोर्ड कमी पडू नयेत म्हणून बफर करावा लागतो. हिशोब सोपा आहे. समजा महिन्याला ८०० बोर्ड लागतात. लाइन हलवणं, फर्स्ट आर्टिकल, मंजुरी, लागलंच तर बीआयएस, हे धरून तीन महिने म्हणतील, तुम्ही चार धरा, म्हणजे ३२०० बोर्ड. हे सगळे तयार बोर्डच हवेत असं नाही, पैसे अडकतात. दोन महिन्यांचे तयार बोर्ड, आणि पुढच्या दोन महिन्यांचे फक्त लांब लीड टाइमचे पार्ट, कंट्रोलर, पॉवर मॉड्यूल, खास रिले, एवढे आपल्या स्वतःच्या गोदामात. रेझिस्टर-कपॅसिटर कुठेही मिळतात, त्यात पैसे घालू नका. आणि हा बफर जुन्या लाइनवर, जुनी माणसं असताना बनवून घ्या, प्लांट हलायच्या शेवटच्या पंधरवड्यात बनवलेला माल मी तरी दुप्पट तपासून घेतो, कारण तेव्हा निम्मी माणसं नोकरी शोधत असतात आणि त्यात त्यांचा काहीच दोष नसतो.

माणसांचा विषय निघालाच आहे तर, प्रोग्रॅम मॅनेजर आणि टेस्ट इंजिनिअर यांच्याशी बोलून घ्या. आडून आडून काही काढायचं नाही, सरळ विचारायचं, तुम्ही राहणार का, नसाल तर आमचं काम कोणाला समजावून जाणार. जाणारा माणूस असेल तर तो असतानाच एक बैठक ठेवा, नव्या माणसासमोर तुमच्या बोर्डच्या सगळ्या जुन्या खोडी त्याला सांगू द्या आणि ते मिनिट्समध्ये लिहून सगळ्यांना पाठवा.

भावाचं काय, तर वाढीव कोटेशन येणार हे धरून चाला. मोठ्या कंपनीत ग्राहकाची किमान वार्षिक उलाढाल ठरलेली असते आणि त्याखालच्यांना "नाही" म्हणत नाहीत, भाव असा देतात की तुम्ही आपणहून जाल. किंवा किमान लॉट वाढवतात, शंभराच्या जागी पाचशे. अशा वेळी एकूण भावावर घासाघीस करत बसू नका, कोटेशन फोडून मागा, मटेरियल वेगळं, मटेरियलवरचं मार्कअप वेगळं, एसएमटी, थ्रू-होल, टेस्ट आणि पॅकिंग वेगळं. नव्या ग्रुपची खरेदी मोठी असल्याने मटेरियल उतरलं पाहिजे, ते उतरलं नसेल तर तिथे बोट ठेवता येतं. ओव्हरहेड वाढलेलं दिसेल, ते फारसं हलणार नाही. लॉट मोठा मागत असतील तर वर्षाची ऑर्डर एकत्र द्या आणि डिलिव्हरी महिन्या-महिन्याला घ्या, त्यांचं सेटअप वाचतं, तुमचं भांडवल वाचतं, यावर बरेच जण तयार होतात.

विलीनीकरण वाईटच असतं असं मी अजिबात म्हणत नाही. छोट्या वेंडरकडे एक्स-रे मशीन नसतं, मोठ्याकडे येतं आणि बीजीए चिपच्या खालचं सोल्डर पहिल्यांदा दिसायला लागतं. टंचाईत मोठ्या ग्रुपला डिस्ट्रिब्युटर आधी माल देतो. बाहेरच्या देशातल्या ग्राहकाला तुमचं प्रॉडक्ट विकायचं असेल तर असेंब्लीवाल्याचं ओळखीचं नावही उपयोगी पडतं. ज्यांचं प्रॉडक्ट वाढतंय, आज पाचशे पण दोन वर्षांत पाच हजार, त्यांनी तर नव्या मालकाच्या सेल्सवाल्याला स्वतःहून भेटून पुढचे आकडे दाखवावेत, तिथे तुम्ही छोटे ग्राहक राहत नाही. ज्यांचं व्हॉल्यूम वर्षानुवर्षं तेवढंच आहे, बोर्डांची व्हरायटी जास्त आणि संख्या कमी, त्यांनी मात्र दुसरा वेंडर उभा करायला त्याच आठवड्यात लागावं. माझं स्पष्ट मत आहे की अशा कामाला मोठा ग्रुप बसतच नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

दुसरा वेंडर बघताना मशीन बघून भुलू नका, एक-दोन एसएमटी लाइनवाले असेंब्लर आपल्या औद्योगिक वसाहतींमधून बरेच आहेत आणि मशीनं सगळ्यांकडे बरी असतात. स्टोअर बघा, ह्युमिडिटी कॅबिनेट चालू आहे का, रीळवर लेबल कसं लावतात, दोन ग्राहकांचा माल वेगळा ठेवतात का. तुमच्यापेक्षा फार मोठा ग्राहक त्यांच्याकडे असेल तर त्याच्या घाईच्या वेळी तुमचं काय होतं ते त्यांच्या दुसऱ्या छोट्या ग्राहकाला फोन करून विचारा. आणि मालकाला हेही विचारा की कंपनी विकायचा विचार आहे का, विचारायला संकोच वाटतो पण पंचावन्न-साठीचे मालक, मुलं या धंद्यात नाहीत, असं असेल तर आज ना उद्या तोच मेल तिकडूनही येणार, आणि करारात मालकी बदलल्यास बाहेर पडायचं कलम, टूलिंगची मालकी, सहा महिन्यांची नोटीस या गोष्टी पहिल्याच दिवशी घालून घेणं सोपं असतं.

पायलट लॉट पन्नासचा घ्या, सगळ्यात अवघड बोर्डचा, सोप्याचा नको. कंपोनंट तुम्ही द्या, म्हणजे पहिल्या वेळी फक्त त्यांची प्रोसेस तपासली जाईल. दोन्ही वेंडरांचे बोर्ड एकाच फिक्श्चरवर लावून रीडिंग शेजारी शेजारी लिहा, नुसतं पास-फेल नको, व्होल्टेज आणि करंटचे आकडे हवेत. फरक दिसला तर आधी सोल्डर जॉइंट आणि पेस्टची जाडी बघा, मग कोटिंगआधीची सफाई. दुसऱ्या लॉटला मटेरियल त्यांचं घ्या आणि तेच रीडिंग पुन्हा काढा, यावेळी फरक आला तर कुठल्या तरी पार्टचा मेक बदललेला असणार, बीओएम घेऊन त्यांच्या स्टोअरमध्ये रीळांची लेबलं एक एक करून वाचा.